मेंदूचा तट आणि औषध

श्रोतेहो, गढीला तट असतो, तसा मेंदूलाही आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातले पेनिसिलिन मेंदूभोवतीच्या पाण्यात जेमतेम झिरपते. जंतूंमुळे मेंदूच्या आवरणांना सूज आली, की याच तटाला खिंडारे पडतात आणि औषध आत शिरते. पण सूज ओसरली, की खिंडारे पुन्हा बुजू लागतात! म्हणूनच ताप उतरला तरी डॉक्टर शिरेतून द्यायची मोठी मात्रा कमी करीत नाहीत.

तेव्हा मंडळी, मुलाला ताप आहे, ओकाऱ्या होताहेत, मान ताठली आहे, असे दिसले तर अंगाऱ्याधुपाऱ्यात वेळ दवडू नका. तडक इस्पितळ गाठा. आणि बरे वाटले म्हणून उपचार अर्ध्यावर सोडून त्याला घरी आणू नका.