खेड्यातल्या दवाखान्यातील संशोधन



या स्मृतिव्याख्यानासाठी मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विषय निवडला, त्याचे कारण आपल्या लोंढ्याच्या परिसरातच आहे. रानातून लाकूडफाटा आणणारे, पेंढ्याच्या गंजीत हात घालणारे, रात्री जमिनीवर निजणारे लोक येथेही आहेत. आणि विंचूही आहे.

१९५१ साली जालना जिल्ह्यातील देहेड या गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेले बावस्कर नागपूरला वैद्यकीय पदवी घेऊन १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावत होती. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग धाप आणि तोंडाला फेस! भगताच्या अंगाऱ्यावर ठपका ठेवणे सोपे होते. पण या मृत्यूंचे उत्तर तेव्हा पाठ्यपुस्तकांतही नव्हते. बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद करीत राहिले. खेड्यात राहून एवढी चिकाटी धरणे, हेच मला या चरित्रातील खरे पांडित्य वाटते. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा रक्तात उसळतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. रक्तवाहिन्या सैल करणारे औषध शिरेतून थेंबाथेंबाने देऊन त्यांनी रुग्ण वाचविले. परंतु त्यासाठी अखंड पहारा लागे. आडगावच्या दवाखान्याला तो कसा परवडावा? तेव्हा त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. लेखावर पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचेही नाव आहे. गंभीर विषबाधेत पूर्वी शंभरांपैकी सुमारे ४० रुग्ण दगावत. हे प्रमाण सुमारे एकावर आले.

येथे ते थांबले नाहीत. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे त्यांनी ७० रुग्णांवरील चाचणीत दाखविले. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान उशिरा आला, असे माझे मत आहे. पण ते असो.

या उपचारात वेळेला फार महत्त्व आहे. फुप्फुसांत पाणी भरण्यापूर्वी गोळी पोटात गेली पाहिजे. लोंढ्याहून पावसाळ्याच्या रात्री खानापूर गाठायला किती वेळ लागतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. म्हणून गोळी खानापुरात आहे की नाही, एवढी चौकशी पुरेशी नाही. ती येथे, जवळच्या दवाखान्यात आहे काय, हे विचारा.