कॉन्दोर्से आणि मतांचे गणित

श्रोतेहो, तीन पंच बसले आहेत असे धरा. गावात आधी कोणते काम घ्यावे? पहिला म्हणतो विहीर, मग शाळा, मग रस्ता. दुसरा म्हणतो शाळा, रस्ता, विहीर. तिसरा म्हणतो रस्ता, विहीर, शाळा. आता दोन-दोन कामांवर मते घ्या. विहीर शाळेला हरवते, शाळा रस्त्याला, आणि रस्ता पुन्हा विहिरीला! तिघेही शहाणे, बहुमत मात्र घाण्याच्या बैलासारखे गोल फिरते. ही गोम १७८५ साली कॉन्दोर्से या फ्रेंच गणितज्ञाने दाखवली.

१७४३ साली सरदार घराण्यात जन्मलेला हा माणूस नुसता आकड्यांत रमला नाही. १७९० साली त्याने स्त्रियांसाठी नागरिकत्वाचे हक्क मागितले. एप्रिल १७९२ मध्ये विधिसभेपुढे शिक्षणाची योजना मांडली. शिक्षण फुकट हवे, मुलांना तसे मुलींनाही हवे, आणि काय शिकवावे यात सत्ताधाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. गुरुजींनो, ही शेवटली मागणी मला सर्वांत धाडसाची वाटते. पण त्याच दिवसांत युद्ध पुकारले गेले, आणि योजना दप्तरात पडली.

१७९३ साली त्याने नव्या राज्यघटनेवर टीका केली. राष्ट्रीय परिषदेने त्याला पकडण्याचा हुकूम काढला. पॅरिसमध्ये मादाम व्हेर्ने या विधवा बाईने त्याला घरात लपवले. तिथे, डोक्यावर मरण असताना, त्याने काय लिहावे? मानवी बुद्धीच्या प्रगतीचा इतिहास! मार्च १७९४ मध्ये तो बाहेर पडला, पकडला गेला आणि कोठडीत मरण पावला. १७९५ साली तो ग्रंथ छापला गेला. त्याच परिषदेने त्याच्या ३००० प्रती विकत घेतल्या.