आपला माणूस कोणता?



शिक्षकाच्या पेशांत ज्यांनीं उभी हयात घालविली, त्यांना निवडणुकीचें काम चुकत नाहीं. मी घाटकोपरच्या एका शाळेंत मास्तर होतों, आणि मतदान-केंद्रावर मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावण्याचें काम वारंवार माझ्या वाट्याला येई. अशाच एका सकाळीं एक वृद्धा माझ्यापुढें आली. बोट पुढें करीत तिनें हळूच विचारलें, "मास्तर, ह्यांत आपला माणूस कंचा?" मीं म्हटलें, "आजी, तें मला सांगतां येत नाहीं. तें तुम्हींच ठरवायचें." ती मत देऊन निघून गेली; तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशीं राहिला. आपला माणूस म्हणजे आपल्या जातीचा, आपल्या भाषेचा, आपल्या पक्षाचा, कीं आपलें काम करणारा?

अमेरिकेंतील निवडणुकींच्या वार्ता वाचतांना आपण सुशिक्षित मंडळी सहज म्हणतों कीं, तेथें वर्णाचें राजकारण चालतें, येथें जातीचें. माणसाचा स्वभावच तसा, त्याला इलाज नाहीं. माझें म्हणणें थोडें निराळें आहे. जात व वर्ण हीं समाजांत असतातच. परंतु प्रचारांत तीं भिंत होऊन उभीं राहतात कीं पूल होऊन, हें बव्हंशीं दोन गोष्टींवर अवलंबून असतें: मतदानाचा नियम आणि पक्षाची गरज. ह्याचे दाखले आपल्या मुंबईंतच आहेत.

२४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवड्यास पुणें करार झाला. अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्याऐवजीं संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या, आणि प्रांतिक कायदेमंडळांत त्यांची संख्या १४८ ठरली. पण प्रश्न असा उरला कीं, ज्या मतदारसंघांत सवर्णांचीं मतें अधिक, तेथें राखीव जागेवर निवडून येणारा अस्पृश्य प्रतिनिधि खरोखर कोणाचा? मुंबई इलाख्यांत १९३७ च्या निवडणुकींत ह्यावर एक तोड होती. मतदारसंघांत जितक्या जागा, तितकीं मतें प्रत्येक मतदाराच्या हातीं असत, आणि तीं सारीं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. डॉ. आंबेडकर ह्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. कारण थोडक्या मतदारांनीं एकजूट केली, तरी त्यांना आपल्या विश्वासाचा प्रतिनिधि निवडतां येई.

त्या निवडणुकींत भायखळा-परळ भागांत डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फें उभे होते. काँग्रेसनें त्यांच्यासमोर पालवणकर बाळू यांना उभें केलें. बाळू म्हणजे १९११ सालच्या विलायतेच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक बळी घेणारे डावखुरे गोलंदाज. त्यांच्या गोलंदाजीवांचून संघाचें चालत नसे. पण पुण्यास खेळत असतां त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यांना कधींच लाभलें नाहीं. अस्पृश्य गणलेल्या घरोघरीं ज्यांचें नांव अभिमानानें घेतलें जाई, असे हे दोन पुरुष. एक महार समाजांतले, दुसरे चांभार समाजांतले. त्यांना एकमेकांसमोर उभें करण्यामागचा हिशेब समजण्यास मोठी बुद्धि नको. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. अवघा दोन हजारांचा फरक! दोघांनींही एकच दुःख भोगलें होतें. पण लढत पक्षांची होती, आणि पक्षांच्या लढतींत तें समान दुःख कोणाला जोडूं शकलें नाहीं.

आतां १९५२ सालाकडे वळूं. देश स्वतंत्र झालेला, प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत मिळालेलें. उत्तर मुंबईच्या लोकसभा मतदारसंघांत दोन जागा होत्या. एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला मतें दोन, परंतु नियम उलटा: दोन्ही मतें एकाला द्यावयाचीं नाहींत. ज्यांनीं राज्यघटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद भूषविलें, ते आंबेडकर राखीव जागेसाठीं उभे होते. समाजवादी पक्षाशीं त्यांचें सहकार्य होतें, आणि त्या पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठीं उभे होते. आंबेडकरांसमोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर होते. काजरोळकरांना १,३८,१३७ मतें मिळालीं, आंबेडकरांना १,२३,५७६. आंबेडकर व मेहता दोघेही पडले. नियमाविरुद्ध टाकलेलीं मतें बाद झालीं, आणि त्यावरून तक्रारीचा अर्जही झाला. पण निकाल बदलला नाहीं.

ह्या पराभवाकडे केवळ दुःखानें पाहून भागणार नाहीं. जुन्या नियमानें अल्पसंख्य समाजाला स्वतःचा प्रतिनिधि मिळे, पण त्या प्रतिनिधीला शेजारच्या आळींत मत मागण्यास जावेंच लागे असें नाहीं. नव्या नियमानें प्रत्येकाला साऱ्यांच्या दारीं जाणें भाग पडलें, पण ज्या समाजासाठीं जागा राखली त्याचा स्वतःचा कौल मोठ्या बेरजेंत दिसेनासा झाला. एका नियमांत अलगपणाचें भय, दुसऱ्यांत बुडून जाण्याचें भय. पुढें १९६१ सालीं कायद्यानें दोन जागांचे मतदारसंघच बंद झाले. पेंच मात्र सुटला नाहीं.

हाच पेंच अमेरिकेंत दिसतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले. १९४६ सालीं तेथील कृष्णवर्णीयांचे नेते डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांनीं दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्य दाखविलें. तिकडे १८७० सालींच कृष्णवर्णीय पुरुषांना कायद्यानें मताचा हक्क मिळाला होता. पण दक्षिणेच्या राज्यांत मतासाठीं कर, वाचनाच्या परीक्षा, पक्षाचा उमेदवार ठरविण्याची केवळ गोऱ्यांपुरती निवडणूक, अशा युक्त्यांनीं तो हक्क कागदावरच राहिला. त्या वेळीं दक्षिणेंत गोऱ्यांचा पक्ष डेमोक्रॅटिक होता. १९६४ सालीं त्याच पक्षाच्या अध्यक्ष जॉन्सन यांनीं नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर त्याच वर्षीं देशांत हरले, पण दूर दक्षिणेचीं पांच राज्यें त्यांनीं जिंकलीं. पुढील कांहीं दशकांत तेथील गोरा मतदार त्या पक्षाकडे सरकला. माणसांचा वर्ण बदलला नव्हता. पक्षांचा हिशेब बदलला होता.

आणि एक आश्चर्य ऐका. अलाबामा राज्यांतील चिल्टन नांवाच्या परगण्यांत कृष्णवर्णीय सुमारें दहांत एक. तेथें १९८८ सालीं सात जागांसाठीं प्रत्येकाला सात मतें देण्यांत आलीं, आणि तीं सारीं एकालाच देण्याची मुभा ठेवली. परगण्याच्या मंडळावर प्रथमच एक कृष्णवर्णीय प्रतिनिधि निवडून आला. आपल्या मुंबईनें १९३७ सालीं जी पद्धति वापरली होती, तीच ही!

मग पूल बांधला जातच नाहीं काय? जातो, पण पक्षाला गरज पडली म्हणजे. ११ जुलै १९९७ रोजीं आमच्या घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनीं गोळीबार केला आणि १० माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढच्याच वर्षीं लोकसभेची निवडणूक आली. काँग्रेस व रिपब्लिकन नेते एकत्र आले. ईशान्य मुंबईंत, म्हणजे आमच्याच मतदारसंघांत, काँग्रेसच्या गुरुदास कामत यांनीं भाजपच्या प्रमोद महाजनांना हरविलें. त्याहून बोधप्रद गोष्ट निराळीच. अकोल्यास प्रकाश आंबेडकर, अमरावतीस रा. सू. गवई, चिमूरला जोगेंद्र कवाडे आणि उत्तर मध्य मुंबईंत रामदास आठवले असे चार रिपब्लिकन नेते निवडून आले, आणि चारही जागा सर्वसाधारण होत्या. इतर समाजांनीं मतें दिल्यावांचून हें घडलें नसतें. १९९९ सालीं काँग्रेस दुभंगली, तो मेळ विसकटला, आणि ईशान्य मुंबईची जागा भाजपकडे परत गेली. गरज सरली, पूल खचला.

केंद्रावर बसणाऱ्यास आणखी एक गोष्ट कळते. यंत्रानें मतदान होऊं लागल्यापासून प्रत्येक केंद्राची बेरीज निरनिराळी जाहीर होते. एका माणसाचें मत गुप्त राहतें, पण एका वस्तीचें राहत नाहीं. कोणत्या नगरानें, कोणत्या सोसायटीनें कोणाला कौल दिला, हें पक्षाच्या कार्यकर्त्याला कागदावर वाचतां येतें. मग पुढच्या खेपेस एका दारीं आर्जव होतें, दुसऱ्या दाराकडे कोणी फिरकतही नाहीं. मराठी वस्ती, गुजराती सोसायटी, दलित नगर असे शिक्के घाटकोपरच्या गल्लोगल्लीं मारले जातात. हे शिक्के आपणच मारून घेतों, असें समजूं नका. ते मारणाऱ्याला त्यांचा उपयोग असतो.

त्या आजींना मीं त्या दिवशीं जें सांगितलें, तें नियमाप्रमाणें बरोबरच होतें. पण आज त्या भेटल्या तर एवढें अधिक सांगेन: "आजी, आपल्या घरासारखा कोण दिसतो हें जरूर पाहा, त्याशिवाय वंचिताला दुसरा आधार पुष्कळदां नसतो. पण त्याबरोबर हेंही पाहा, कीं त्याला कोणी उभें केलें आहे, कोणाच्या विरुद्ध उभें केलें आहे, आणि निवडून आल्यावर तो कोणाला उत्तर देणार आहे." आणि ज्यांना सुशिक्षित म्हणतात अशा आपणां श्रोत्यांना माझें मागणें इतकेंच कीं, येत्या निवडणुकींत दारीं आलेल्या उमेदवारास एक प्रश्न विचारा: "रस्त्यापलीकडच्या वस्तींत आपण काय सांगितलेंत?" दोन्ही दारीं जो एकच गोष्ट सांगतो, तो आपलाही माणूस असूं शकतो आणि त्या आजींचाही.