खेळ तोच, विद्या उघडी



अध्यक्षाने आपल्या भाषणात सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आज बाजूला ठेवण्याची परवानगी मी आपल्याकडे मागतो. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे, ती म्हणजे माणसाच्या हाताशिवाय फुटबॉल खेळणारे छोटे रोबो. गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत जगातल्या कितीतरी विद्यापीठांनी या खेळाभोवती शिकण्याची एक रीत घडवली. ती आपल्याकडे रुजावी अशी माझी तळमळ आहे, आणि त्यासाठी एक ठरावही मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

या खेळाची कल्पना 1992 साली कॅनडात ॲलन मॅकवर्थ यांनी मांडली. पुढच्याच वर्षी जपानमध्ये मिनोरू असादा, यासुओ कुनियोशी आणि हिरोआकी कितानो यांनी अशी स्पर्धा भरवण्याचे मनावर घेतले, आणि 1997 च्या ऑगस्टमध्ये नागोयाला पहिला रोबोकप झाला. ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मे महिन्यात डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवले होते. जुलैत सोजर्नर ही छोटी गाडी मंगळावर उतरली होती. बुद्धिबळाचा गड सर झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला नागोयाने उत्तर दिले. बुद्धिबळात पट स्थिर असतो, सगळे डोळ्यांसमोर मांडलेले असते आणि खेळी करायला वेळ मिळतो. फुटबॉलमध्ये आपण विचार करत असताना चेंडू निघून गेलेला असतो, जे दिसते ते अर्धवट दिसते, आणि निर्णय एकाने घेऊन भागत नाही. रोबोकपने आपले उद्दिष्टही तेव्हाच जाहीर केले. या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे 2050 च्या सुमारास, माणसासारख्या दोन पायांच्या यंत्रांच्या संघाने फिफाच्या नियमांनुसार विश्वविजेत्या संघाला हरवायचे. ते साधेल की नाही, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. पन्नास वर्षांचे काम डोळ्यांसमोर ठेवले की शिक्षक ते एका पिढीकडून दुसरीकडे सोपवू शकतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

रोबोकपमध्ये अनेक लीग आहेत. मी बोलणार आहे ते ‘स्मॉल साइझ लीग’बद्दल, कारण आपल्या आवाक्यात येण्यासारखी ती आहे. इथला रोबो 18 सेंटीमीटर व्यासाच्या आणि 15 सेंटीमीटर उंचीच्या डब्यात मावलाच पाहिजे. चेंडू म्हणजे नारिंगी रंगाचा गोल्फचा चेंडू. सुरुवातीला मैदान टेबल टेनिसच्या टेबलाएवढे होते. आज वरच्या गटात ते 12 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद असते आणि दोन्हीकडून अकरा-अकरा रोबो खेळतात. खालच्या गटात मैदान 9 बाय 6 मीटरचे आणि रोबो सहा-सहा असतात. मैदानाच्या वर कॅमेरे टांगलेले असतात. प्रत्येक रोबोच्या डोक्यावर मधोमध निळा किंवा पिवळा ठिपका असतो, त्यावरून संघ ओळखायचा. भोवतीच्या चार हिरव्या-गुलाबी ठिपक्यांवरून रोबोचा क्रमांक आणि त्याचे तोंड कुठे आहे ते कळते. कॅमेऱ्याचे चित्र संगणकात जाते, चेंडू आणि रोबो कुठे आहेत ते दोन्ही संघांना कळते, संघाचा संगणक निर्णय घेतो आणि रेडिओवरून आज्ञा सुटतात. खेळ सुरू झाला की कोणा विद्यार्थ्याने कळफलकाला हात लावायचा नाही.

यंत्र म्हणूनही हा रोबो पाहण्यासारखा आहे. त्याच्या चार चाकांच्या परिघावर बारीक रूळ बसवलेले असतात, त्यामुळे तो तोंड न वळवता आडवा सरकतो आणि सरकता सरकता गिरकीही घेतो. पुढे रबर चढवलेला एक फिरता दांडा असतो. तो चेंडूला उलटी फिरकी देत राहतो, म्हणून रोबो मागे सरला तरी चेंडू त्याला बिलगून राहतो. दांड्याखाली सोलेनॉइड असतो. बॅटरीतून कपॅसिटर दोनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर भारला जातो, आणि तो एका क्षणात रिता होऊन किक बसते. चेंडू उचलून समोरच्याच्या डोक्यावरून टाकणारी वेगळी किकही असते. जोर इतका वाढत गेला की चेंडूच्या वेगाला सेकंदाला साडेसहा मीटरची मर्यादा घालावी लागली.

आता विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे, कारण पुस्तकात न भेटणारा प्रश्न इथे समोर उभा राहतो. कॅमेऱ्याने चित्र घेतल्यापासून रोबोची चाके हलेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. सेकंदाला दोन मीटर वेगाने धावणारा रोबो तेवढ्यात 20 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीपेक्षाही जास्त. साडेसहा मीटर वेगाचा चेंडू 65 सेंटीमीटर पुढे असतो. थोडक्यात, संगणक जे मैदान पाहतो ते आता तसे राहिलेलेच नसते. बर्लिनच्या ‘एफयू फायटर्स’ संघाने यावर चिकाटीने काम केले. आपण नुकत्याच दिलेल्या आज्ञा आणि आत्ताचे चित्र यांवरून आपला रोबो या क्षणी खरोखर कुठे असेल, याचा अंदाज बांधायला त्यांनी संगणकाला शिकवले. 2004 आणि 2005 ची अजिंक्यपदे याच संघाकडे गेली. नियंत्रणशास्त्राच्या तासाला ‘विलंब’ या विषयावर आपण फळाभर समीकरणे लिहितो. गोल हुकतो तेव्हा ती समीकरणे मुलांना एका दिवसात कळतात.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. मेंदू बाहेरच्या संगणकात असेल तर या रोबोंना स्वयंचलित का म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. इतर लीगमध्ये कॅमेरा आणि मेंदू दोन्ही रोबोच्या अंगावरच असतात. पण इथे पाहण्याचा प्रश्न मुद्दाम सोपा केला आहे, त्यामुळे सारी कसोटी एकाच गोष्टीची लागते. अनेकांनी मिळून एक काम कसे करायचे?

या प्रश्नावर एका मराठी आडनावाच्या संशोधकाचे मूलभूत काम आहे, आणि ते आपल्या वर्गांत शिकवले जात नाही याचे मला वाईट वाटते. मिलिंद तांबे पिलानीहून कार्नेगी मेलनला गेले आणि पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करू लागले. तिथे त्यांचा गट हेलिकॉप्टरांच्या संगणकी कवायती रचत होता. एका कवायतीत टेहळणीला पुढे गेलेले हेलिकॉप्टर अनपेक्षितपणे टेकडीवर आदळले, आणि बाकीची हेलिकॉप्टरे त्याच्या निरोपाची वाट पाहत जागीच तरंगत राहिली. दुसऱ्या वेळी कामगिरी संपल्याचे प्रमुखाच्या लक्षात आले आणि तो सोबत्यांना न सांगता एकटाच तळावर परतला. यातला प्रत्येक जण आपापल्या कामात चोख होता. ‘आपण मिळून हे करतो आहोत’ ही गोष्ट मात्र कोणाच्याच आज्ञावलीत लिहिलेली नव्हती. अशी प्रत्येक चूक सुटी दुरुस्त करत बसण्याऐवजी तांबे यांनी 1997 साली सांघिक बांधिलकीचेच एक सर्वसाधारण प्रारूप मांडले. काम साधले, साधणे अशक्य झाले किंवा त्याची गरजच उरली नाही, असे ज्याला कळेल त्याने ते इतरांना कळवणे हे त्याचे कर्तव्य. कळवण्याचा खर्च आणि न कळवण्याचा धोका यांचा हिशेब त्यानेच करायचा. हेच प्रारूप घेऊन त्यांचा संघ नागोयात संगणकी फुटबॉलच्या लीगमध्ये उतरला आणि तिसरा आला. हेलिकॉप्टरांसाठी घडवलेली विद्या चेंडूमागे धावणाऱ्यांनाही लागू पडली, यातच तिचे मोल दिसते.

सांघिकतेचे बळ किती असते, याचा पुरावा मला 2015 च्या हफेच्या स्पर्धेत दिसतो. मॅन्युएला वेलोसो यांच्या मार्गदर्शनाखालच्या कार्नेगी मेलनच्या ‘सीएमड्रॅगन्स’ संघाने सहा सामन्यांत 48 गोल केले आणि एकही गोल स्वतःवर होऊ दिला नाही. त्यांचे रोबो नवे नव्हते. 2006 साली घडवलेलीच यंत्रे थोड्या डागडुजीने ते वापरत होते. नवे होते ते विचाराचे तंत्र. पास घेणारा रोबो चेंडूची वाट पाहत उभा राहत नसे. चेंडू जिथे पोचणार तिथे तो अगदी वेळेवर येई, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला आधी सुगावा लागत नसे. बचाव करणारे रोबो जागा वाटून न घेता धोके वाटून घेत. चेंडूपासूनचा धोका पहिला आणि पुढचा पास ज्याच्याकडे जाऊ शकतो तो दुसरा, अशी त्यांची उतरंड होती. दर वर्षी नवे यंत्र विकत घेण्यासाठी अनुदान मागणाऱ्या आपण सर्वांनी नऊ वर्षे जुन्या रोबोंचा हा विजय भिंतीवर लावून ठेवावा.

मला सर्वांत जास्त भावली ती या लीगमधल्या मंडळींची ज्ञान उघडे करण्याची रीत. स्पर्धेत प्रवेश हवा असेल तर आपला संघ काय करतो, याचा लेख आधी द्यावा लागतो, आणि तो सर्वांना वाचायला मिळतो. पूर्वी प्रत्येक संघ स्वतःचे कॅमेरे टांगत असे, त्यात जागा आणि वेळ दोन्ही जात. तेव्हा अमेरिका, जर्मनी आणि थायलंड इथल्या, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या संघांतल्या लोकांनी एकत्र बसून सर्वांसाठी एकच दृष्टिप्रणाली लिहिली. 2010 पासून सगळे तीच वापरतात. जर्मनीतल्या मानहाइमचा ‘टायगर्स’ संघ 2022 साली बँकॉकला आणि 2023 साली बोर्दोला जिंकला. हा संघ आपले सॉफ्टवेअर आणि रोबोचे आराखडे जगाला मोकळे करतो. ज्याने हरवले त्याचीच वही घेऊन हरलेला पुढच्या वर्षाची तयारी सुरू करतो. यामुळे विजेता दुबळा होत नाही, साऱ्या खेळाची पातळी उंचावते.

म्हणूनच या लीगमध्ये मोठ्या नावांची मक्तेदारी टिकली नाही. 1999, 2000, 2002 आणि 2003 साली अमेरिकेतल्या कॉर्नेलने अजिंक्यपद मिळवले. मधल्या 2001 सालचा विजेता होता सिंगापूरच्या न्गी आन पॉलिटेक्निकचा संघ. इथे बसलेल्या तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांनी हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. पुढे 2009 पासून सलग चार वर्षे बँकॉकच्या कासेटसार्ट विद्यापीठाचा ‘स्कूबा’ संघ जिंकत राहिला. आणि या खेळातून काय निघते असे ज्यांना विचारायचे असेल, त्यांच्यासाठी एवढे पुरे. कॉर्नेलच्या संघाचे मार्गदर्शक राफाएल्लो द’आंद्रेआ हे गोदामात स्वतः फिरून माल आणून देणाऱ्या रोबोंची ‘किवा’ ही कंपनी उभारणाऱ्यांपैकी एक होते. ती कंपनी 2012 साली ॲमेझॉनने 77 कोटी 50 लाख डॉलरना घेतली.

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातांत कसब नाही असे कोणी म्हणू नये. 2008 साली आणि पुन्हा 2014 साली आशिया-पॅसिफिक प्रदेशाची ‘रोबोकॉन’ स्पर्धा पुण्यात झाली. 2008 चा विषय तर गोविंदा होता, आपल्या दहीहंडीवरून घेतलेला. रोबोकॉनने आपल्याला कार्यशाळेत रात्र जागवणारी मुले दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु तिथे विषय दर वर्षी बदलतो. स्पर्धा संपली की यंत्र खोलले जाते, मोटर पुढच्या वर्षासाठी काढून ठेवल्या जातात, आणि शेवटच्या वर्षाची मुले पदवी घेऊन जाताना सारे शहाणपण सोबत नेतात. मागे वही राहत नाही. महाविद्यालयांच्या महोत्सवांत ‘रोबो सॉकर’ रंगते, पण बहुतेक ठिकाणी मुलांच्या हातांत रिमोट असतो. खेळ माणूसच खेळतो, रोबो नुसता ढकलतो. खडगपूरच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा गट स्वयंचलित फुटबॉलवर काम करत आला आहे. आपल्या राज्यात प्रत्येक विभागात असा एक तरी गट का नसावा?

पैशाची अडचण मला ठाऊक आहे. सहा रोबो, कॅमेरे आणि मैदान हे एका महाविद्यालयाला जड जाईल. पण सुरुवात रोबोपासून करावीच लागत नाही. तेहरानच्या आमीरकबीर विद्यापीठाच्या ‘पारसियन’ संघाने या लीगसाठी ‘जीआरसिम’ हा सिम्युलेटर लिहून सर्वांना मोफत दिला आहे. साध्या संगणकावर तो चालतो. पहिले वर्ष त्यावर पास आणि बचाव शिकण्यात जावे. दुसऱ्या वर्षी एक रोबो घडवावा, सहा नव्हे. चाके मागवावी लागतील, पण पत्रा कापणे, रूळ बसवणे, सोलेनॉइड गुंडाळणे हे आपल्या कार्यशाळांत होऊ शकते, आणि तिथे आयटीआयच्या मुलांना बरोबरीने घ्यावे.

ठराव असा. एका जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी मिळून 9 बाय 6 मीटरचे एक सामाईक मैदान उभारावे आणि निदान दहा वर्षे खेळ बदलू नये. प्रत्येक संघाने वर्षाअखेर आपला कोड, आराखडे आणि फसलेल्या प्रयोगांची नोंद सर्वांसाठी खुली करावी, आणि ज्याने ती दिली नाही त्याला पुढच्या वर्षी प्रवेश देऊ नये. ही नोंद मराठीतही लिहावी. 2021 पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची वाट खुली झाली आहे, पण वाचायला फारसे काही नाही. विलंब कसा भरून काढला, दांड्याला कोणते रबर चालले, कोणता पास का फसला, हे विद्यार्थ्यांनीच स्वतःच्या भाषेत लिहिले तर आपल्याला पाठ्यपुस्तकाची वाट पाहावी लागणार नाही.

ठरावाची प्रत आपल्या हाती दिली आहे. दुपारच्या सत्रात त्यावर खुली चर्चा व्हावी, दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि पहिले मैदान कोणत्या जिल्ह्याने घालायचे ते उठण्यापूर्वी ठरवावे, अशी विनंती करून मी थांबतो.