अपस्माराची शिरगणती



पनवेलच्या या व्यासपीठावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता सोडून अपस्मारावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आमचे शिक्षण शाळेतच थांबले. पुढचे जे झाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. डॉ. नादिर भरूचा यांच्या संशोधनाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे, आणि ती चूक आमचीच होती.

तळोज्याच्या एका कारखान्यातला तरुण कामगार रात्रपाळीत यंत्रापाशी फेफरे येऊन पडला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला, तेव्हा आम्ही म्हणालो, “बाबा रे, कुठे बोलू नकोस, नोकरी जाईल.” त्याने आमचे ऐकले. गोळ्या सुपारीच्या पुडीत लपवू लागला आणि लपवता येईनात तेव्हा चुकवू लागला. चार महिन्यांनी पुन्हा पडला; या खेपेस उजव्या हाताची दोन बोटे गेली. गोळी चुकणे आणि जागरण या दोन गोष्टी आकडीला हमखास आमंत्रण देतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्या दोन बोटांनंतर आम्ही वाचू लागलो.

मुंबईत मज्जारोगांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. नादिर भरूचांचे वडील डॉ. एडी भरूचा हे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले नामवंत मज्जारोगतज्ज्ञ. १९७० च्या सुमारास इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी राहिली, तिच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. मुलाने त्याच रोगाकडे निराळ्या वाटेने पाहिले. रुग्णालयात येणारा रोगी डॉक्टरला दिसतो; जो येतच नाही त्याचे काय? आमच्या सभासदवहीत कायम कामगारांची नावे असतात आणि फाटकाबाहेर उभा असलेला कंत्राटी कामगार कोठेच नसतो, तसलाच हा प्रकार.

म्हणून बॉम्बे हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातून नादिर भरूचा आणि त्यांचे सहकारी, अमेरिकेतील डॉ. ब्रूस शोएनबर्ग यांच्या साहाय्याने, मुंबईच्या पारशी वसाहतींत दारोदार गेले. पद्धत पाहण्यासारखी आहे. पहिल्या फेरीत डॉक्टर नव्हतेच. शालान्त परीक्षा झालेली किंवा थोडी अधिक शिकलेली मंडळी ठरीव प्रश्नावली घेऊन घरात बसत आणि एकेक प्रश्न विचारीत. ज्याच्या उत्तरात संशय येई, त्याला दुसऱ्या फेरीत मज्जारोगतज्ज्ञ तपासत. असे १४,०१० लोक पाहिले. १९८८ साली ‘एपिलेप्सिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निष्कर्ष आले: हजारी ४.७ जणांना अपस्मार. याच पाहणीतून कंपवाताचेही आकडे निघाले आणि ते जगभरच्या अभ्यासकांनी विचारात घेतले. शाळेपुरते शिकलेल्या माणसांनी गोळा केलेल्या माहितीवर एवढे शास्त्र उभे राहिले, याचा आम्हांला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमानच वाटतो.

आता एक शंका. पारशी समाज शिकलेला, शहरी, वसाहतीत एकत्र राहणारा. त्याचा आकडा खालापूर-कर्जतच्या वाडीला कसा लावावा? लावूच नये. बंगळूर परिसरात पुढे मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तेथे शहरात हजारी ५.७ आणि खेड्यांत ११.९, म्हणजे दुपटीहून जास्त, असे आढळले. भरूचांनी स्वतः २००३ साली भारतातील अपस्माराच्या प्रसाराचा आढावा लिहिला. वेगवेगळ्या पाहण्या शेजारी ठेवून पाहायची ही सवय आमच्या वेतन-वाटाघाटींतही कामी येईल.

औषधाचे म्हणाल, तर फेनोबार्बिटल ही गोळी १९१२ पासून ज्ञात आहे आणि स्वस्त आहे. योग्य उपचार मिळाल्यास शंभरातील सत्तरांच्या आसपास रोग्यांच्या आकड्या थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीच संघटना असेही सांगते की, गरीब देशांतल्या चारांपैकी तिघांना उपचार मिळत नाही.

कायदाही या रोग्यांशी फार काळ कठोर होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार वेडाच्या पंक्तीला बसवला गेला. अशा माणसाचा विवाह न्यायालयात रद्द ठरवता येई. एपिलेप्सी असोसिएशनने त्याविरुद्ध प्रयत्न चालवले आणि १९९९ साली तो शब्द कायद्यातून निघाला. लोकांच्या मनातून तो निघाला आहे काय, हे या सभागृहात मुलींचे आईबाप बसले आहेत त्यांनीच सांगावे.

आमचा तो कामगार आज नियमित गोळी घेतो आणि तीन वर्षांत पडलेला नाही. त्याच्या संमतीने आम्ही गेल्या मागणीपत्रात एक कलम घातले: फेफऱ्याचा आजार सांगणाऱ्यास कामावरून काढू नये; त्यास दिवसपाळी आणि चालत्या यंत्रापासून दूरचे काम द्यावे. व्यवस्थापनाने विचारले की, असे कामगार आहेत तरी किती? आम्ही म्हणालो, मोजू या. ते अद्याप गप्प आहेत. पुढील बैठक जूनमध्ये आहे.