दिवेलागण ओळखणारा ठोकळा



दिवेलागणीची वेळ झाली, हे माणसाला कोणी सांगावे लागत नाही. उन्हे उतरतात, गुरे गोठ्याकडे वळतात आणि घरातील हात आपोआप दिव्याकडे जातो. यंत्राला मात्र ही वेळ शिकवावी लागते. ती कशी शिकवावी, याचा एक उद्बोधक धडा मुलांच्या आवडत्या संगणकीय खेळात सापडतो.

हा खेळ म्हणजे ‘माइनक्राफ्ट’. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील मोजांग या संस्थेने तो नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. त्यातील सृष्टी चौकोनी ठोकळ्यांची असून माती, दगड, लाकूड जमवून खेळणाऱ्याने घर, शेत, गाव उभारावयाचे असते. तेथील अहोरात्र अवघे २० मिनिटांचे. म्हणजे तेथे काळ ७२ पट वेगाने धावतो. अंधार पडला की राक्षसी प्राणी उत्पन्न होतात. मशाली अखंड जळत ठेवता येतात, हे खरे. परंतु दिवसा विझणारा आणि रात्री लागणारा दिवा हवा असेल, तर दिवस व रात्र यांतील भेद यंत्रालाच कळला पाहिजे.

त्यासाठी मार्च २०१३ मध्ये ‘डेलाइट डिटेक्टर’ नावाचा ठोकळा खेळात आला. तीन काचा, तीन स्फटिक आणि लाकडाचे तीन अर्धे ठोकळे यांपासून तो बनतो. आकाशाचा उजेड पाहून तो ० ते १५ एवढ्या शक्तीचा संकेत देतो. हा संकेत ‘रेडस्टोन’ या तांबड्या भुकटीच्या रेषेतून पुढे जातो व दर घरामागे एकाने क्षीण होतो. २०१४ पासून या ठोकळ्याची उलट योजनाही करता येते. मग उजेड जितका कमी, तितका संकेत प्रबळ.

नवशिका खेळाडू उलटा ठोकळा दिव्याला अगदी खेटून ठेवतो. रात्री दिवा लागतो आणि त्याला आनंद होतो. पण भर दुपारी पाऊस आला की तोच दिवा पुन्हा लागतो! ठोकळा बिघडलेला नसतो. त्याला सूर्य दिसत नाही; केवळ उजेडाचे मान कळते. खेळाच्या जावा आवृत्तीत निरभ्र दुपारी उलट्या ठोकळ्याचा संकेत ० असतो, पावसात ३, मेघगर्जनेसह वादळात ५, आणि ऐन रात्री ११.

आता उपाय सोपा वाटतो. ठोकळा व दिवा यांमध्ये सहा घरे भुकटी पसरावी. वादळाचा संकेत पाचव्या घरापाशीच संपतो. रात्रीचा मात्र दिव्यापर्यंत पोहोचतो. परंतु येथेच खरा पेच आहे. या खेळात मेघगर्जनेच्या वादळात दिवसाही राक्षस उत्पन्न होऊ शकतात, साध्या पावसात नाही. म्हणजे वादळाकडे दुर्लक्ष करणारा दिवा काटकसरी खरा, पण संकटसमयी गावाला अंधारात ठेवणारा! चारच घरे ठेवली, तर पावसाचा संकेत वाटेत विरतो आणि वादळाचा दिव्याला गाठतो. उलट बारा घरे ठेवली, तर दिवा कधीच लागत नाही. रेषा लांबेल तसा दिवा उशिरा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक दक्षता. ठोकळ्यावर आकाश मोकळे हवे. दगडी छपराखाली ठेवलेल्या उलट्या ठोकळ्याला अखंड रात्रच भासते. मशालीच्या उजेडाने मात्र तो फसत नाही, कारण तो केवळ आकाशाचाच प्रकाश मोजतो. रस्त्यावरील खऱ्या दिव्याच्या प्रकाशसंवेदकाला ही सोय नसते. त्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडू नये, याची काळजी घ्यावी लागते.

शिक्षकांनी हा खेळ केवळ वेळेचा अपव्यय मानू नये. रेषा चार घरांची की सहा, हे मुलांना वहीत मांडून सोडवू द्यावे. अंधार किती झाला, हे यंत्र चोख मोजते. किती अंधाराला रात्र म्हणावयाचे, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे असते. भर दुपारी जळणारा अथवा ऐन वादळात विझलेला गावचा दिवा दिसला, तर दोष यंत्राला देण्यापूर्वी हे ठरविताना काय चुकले, ते पाहणे इष्ट.