रहस्यकथा लिहिणारी संसारी बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेत केलेले भाषण)



यंदा 'मला आवडलेली लेखिका' या विषयावर पाच जणींनी बोलावे असे ठरले. मी अगाथा ख्रिस्ती हे नाव दिले तेव्हा काही भगिनींना हसू आले. खुनाच्या गोष्टी रचणारी परदेशी बाई, तिचे आपल्या मंडळात काय काम, असे वाटणे साहजिक आहे. पण त्यांच्या गोष्टींतले खून सांगायला मी उभी नाही. घर, मूल, नवरा, पाहुणेरावळे सांभाळून एका बाईने पन्नासाहून अधिक वर्षे एकच पात्र कसे जगवले आणि त्या पात्राने तिला कसे सतावले, ते मला सांगायचे आहे. त्यांची मराठीत आलेली पुस्तके मी वाचली. आत्मचरित्र इंग्रजीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून ते माझ्या मुलीने दुपारचे कामधाम आटोपल्यावर अर्थ सांगत वाचून दाखवले.

अगाथाबाईंचा जन्म १८९० साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी झाला. मुलांना आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकवू नये, असे त्यांच्या आईचे विचित्र मत होते. पण ही मुलगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचू लागली! शाळेचे तोंड त्यांनी फारसे पाहिलेच नाही. अकरा वर्षांच्या असताना वडील वारले आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. तेव्हा मोठ्या शाळा-कॉलेजातून तयार झालेली ही लेखिका नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

थोरल्या बहिणीशी बोलताना रहस्यकथेचा विषय निघाला. बहीण म्हणाली, तुला नाही जमायचे. झाले! ते शब्द मनात रुतून बसले. १९१४ साली महायुद्ध पेटले, त्याच वर्षी नाताळच्या सुमारास लग्न झाले आणि नवरा लढाईवर गेला. बाई गावातल्या रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागल्या. पुढे त्यांना औषधे तयार करण्याच्या खोलीत नेमले. तेथे भोवताली सगळ्या औषधांच्या बाटल्या, आणि त्यांत विषेही. कोणते औषध किती मात्रेत तारते आणि किती मात्रेत मारते, हे तेथे शिकावेच लागते. काम नसेल तेव्हा त्या बसल्या बसल्या कथानक जुळवीत. गावात बेल्जम देशाचे निर्वासित आले होते. त्यांना पाहून आपला गुप्तहेरही बेल्जमचाच निर्वासित करावा असे मनात आले. बुटका, अंड्यासारख्या डोक्याचा, मिशांना जपणारा, टापटिपीचे वेड असलेला, पोलीसखात्यातून निवृत्त झालेला हर्क्यूल पॉयरो असा जन्माला आला.

पुस्तक अर्ध्यावर अडले तेव्हा आईने सांगितले, पंधरा दिवस सुट्टी काढ, कुठेतरी एकटी जाऊन राहा आणि पुरे कर. मला ही आई फार आवडली. लेकीच्या लिहिण्याला इतकी किंमत देणारी आई आजही हुडकावी लागेल. बाई डार्टमूरच्या माळरानावरील एका हॉटेलात राहिल्या. सकाळभर लिहायचे आणि दुपारी माळावर फिरत पात्रांचे संवाद स्वतःशीच मोठ्याने म्हणायचे, असा त्यांचा क्रम होता.

पुस्तक १९१६ साली लिहिले, छापून आले १९२० साली, आणि तेही आधी अमेरिकेत. काही प्रकाशकांनी ते परत पाठवले. एकाने जवळजवळ दोन वर्षे ठेवून घेतले आणि मग एके दिवशी बोलावणे धाडले. शेवटचे प्रकरण बदलून मागितले, पुढची पाच पुस्तके आम्हालाच द्यायची असे लिहून घेतले आणि दोन हजार प्रती खपेपर्यंत लेखिकेला काही मिळायचे नाही अशी अटही घातली. पुस्तक छापले जाणार या आनंदात बाईंनी मुकाट्याने सही केली. पहिल्या पुस्तकाचे त्यांच्या हाती आले अवघे पंचवीस पौंड. पुढे व्यवहार कळू लागला तेव्हा त्या कराराचे दिवस त्यांनी मोजून काढले आणि १९२६ पासून दुसरा प्रकाशक धरला.

एक गोष्ट मात्र झाली. पॉयरो लोकांना आवडला. १९२३ साली 'स्केच' नावाच्या साप्ताहिकाने त्याच्या गोष्टींची मालाच मागितली. मग एका वृत्तपत्राने दुसऱ्या एका कादंबरीसाठी एकदम पाचशे पौंड दिले, आणि बाईंनी त्या पैशांतून मोटार घेतली. पुढे त्यांना राणीच्या राजवाड्यात जेवणाचे निमंत्रण आले होते. त्या जेवणाचा आनंद आणि ही मोटार घेतल्याचा आनंद, या दोन गोष्टी त्यांनी एका मापाने मोजल्या आहेत. स्वतःच्या कमाईची पहिली वस्तू जिने घेतली असेल तिला हे समजावून सांगायला नको.

आता १९२६ सालाबद्दल बोलते. या वर्षी 'रॉजर ॲक्रॉइड' हे त्यांचे गाजलेले पुस्तक आले. याच वर्षी आई वारली. आईचे घर आवरता आवरता त्या अगदी खचल्या, आणि तेवढ्यात नवऱ्याने सांगितले की माझे दुसरीवर मन बसले आहे, मला घटस्फोट हवा. ३ डिसेंबरच्या रात्री बाई मोटार घेऊन घरातून निघाल्या. दुसऱ्या दिवशी मोटार एका उतारावर बेवारस सापडली. सगळ्या देशात हलकल्लोळ झाला. पोलिसांच्या जोडीला हौशी लोक रानेवने धुंडाळू लागले, वर्तमानपत्रांना ऊत आला. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, दूर हॅरोगेटच्या एका हॉटेलात त्या सापडल्या. वहीत नाव भलतेच लिहिलेले, आणि आडनाव कोणाचे, तर त्या दुसऱ्या बाईचे!

पुस्तके खपावीत म्हणून बाईंनी हे सोंग केले, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले आणि आजही म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. आई गेलेली, नवरा पाठ फिरवून बसलेला, घरात सात वर्षांची मुलगी. अशा बाईला जाहिरात सुचेल काय? आणि जाहिरातच करायची होती, तर पुढे तिचा लाभ घेतला असता. त्यांनी मात्र एवढ्या मोठ्या आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. पत्रकारांचा आणि गर्दीचा त्यांनी जो धसका घेतला तो जन्मभर गेला नाही.

या दुःखाच्या मागोमाग आली ती पैशाची अडचण. पुस्तक तर देणे होते. १९२७ च्या आरंभी त्या मुलीला आणि आपल्या चिटणीस बाईला घेऊन कॅनरी बेटांवर गेल्या, आणि तेथे 'ब्लू ट्रेन' नावाची पॉयरोची कादंबरी सांगून लिहून घेऊ लागल्या. मन लागेना, शब्द सुचेना. समोर मुलगी येऊन उभी! मी मुळीच बोलणार नाही, नुसती उभी राहते, असे म्हणायची आणि टक लावून पाहत राहायची. भगिनींनो, हे ऐकताना मी आणि माझी मुलगी दोघीही हसलो. आपण पोथी वाचायला घेतली की पोर असेच येऊन उभे राहते की नाही? ते पुस्तक बाईंना अखेरपर्यंत आवडले नाही. पण मन नसताना, आवडत नसताना, चांगले उतरत नसतानाही लिहायचे, हे आपण तेव्हा शिकलो, आणि हौशी लिहिणारीची धंदेवाईक लेखिका त्याच वेळी झालो, असे त्या म्हणतात. घटस्फोट १९२८ साली झाला. ख्रिस्ती हे नवऱ्याचे आडनाव मात्र पुस्तकांवर तसेच राहिले, कारण वाचकांना तेच ठाऊक झाले होते.

लिहिण्यासाठी त्यांना वेगळी खोली कधी लागली नाही. मुलाखतीला आलेले लोक विचारीत, तुम्ही लिहायला बसता त्या जागेचा फोटो काढू द्या. पण अशी जागाच नव्हती! निजायच्या खोलीतले संगमरवरी फळीचे तोंड धुण्याचे मेज, नाहीतर दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचे टेबल, एवढे त्यांना पुरे. टिपणे साध्या शाळकरी वह्यांत. एका पानावर विषाचे नाव, तर दुसऱ्या पानावर घरच्या खरेदीची यादी. अशा सत्तरावर वह्या मागे राहिल्या आहेत. सरकारी कागदावर 'व्यवसाय' या रकान्यात त्या काय लिहीत? 'विवाहित स्त्री'. घराला पडवी काढायची झाली की खर्च किती येईल ते विचारायचे आणि तेवढ्या पैशांची गोष्ट लिहायला बसायचे, असाही त्यांचा हिशेब असे.

१९३० साली त्यांनी मॅक्स मॅलोवन या पुराणवस्तुसंशोधकाशी दुसरे लग्न केले. तो त्यांच्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान. पण संसार सुखाचा झाला. इराक आणि सीरियात उत्खननाला त्या नवऱ्याबरोबर जात, तेथे फोटो काढीत, सापडलेल्या वस्तू स्वच्छ करीत. निमरूद येथे मिळालेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती वस्तूंच्या खाचांतील माती त्यांनी आपले तोंडाला लावायचे क्रीम वापरून काढली. तेथेही एक लहानशी खोली बांधून घेऊन लिहिणे चालूच.

आता त्या पॉयरोबद्दल. पहिल्याच पुस्तकात बाईंनी त्याला निवृत्त आणि वयस्क केला. तो पुढे पन्नास वर्षे चालवावा लागेल हे कोणाला ठाऊक होते! हिशेब केला तर शेवटी त्याचे वय शंभराच्या वर जाते. त्याचा गर्विष्ठपणा, त्याच्या लकबी यांचा त्यांना वीट आला. पण वाचकांना तोच हवा, प्रकाशकाला तोच हवा. मग बाईंनी एक गंमत केली. आपल्याच पुस्तकांत त्यांनी आरियाडनी ऑलिव्हर नावाची लेखिका आणली. तिचा गुप्तहेर फिनलंडचा. आणि आपल्याला फिनलंडची काडीचीही माहिती नाही, हा माणूस आपण का निर्माण केला, म्हणून ती बिचारी सदा कपाळाला हात लावते. कादंबऱ्यांची नाटके करताना तर त्यांनी काही वेळा पॉयरोला सरळ वगळून टाकले. मिस मार्पल ही खेड्यातली अविवाहित म्हातारी १९३० साली कादंबरीत आली. विणकाम करता करता सगळ्या गावाची नाडी ओळखणारी ही बाई त्यांना अधिक प्रिय होती, आणि मलाही. मन मोकळे करायला त्यांनी मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने सहा वेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या. ते गुपित जवळजवळ वीस वर्षे टिकले.

एवढी पुस्तके खपवली कशी, असे कोणी विचारील. प्रकाशक दर नाताळला 'नाताळची ख्रिस्ती' म्हणून जाहिरात करी, आणि लोक भेट द्यायला ते पुस्तक घेत. बाईंच्या वाट्याला वेळेवर पुस्तक देणे एवढेच काम. समारंभ, भाषणे, फोटो यांचा त्यांना तिटकारा. रहस्यकथा लिहिणाऱ्यांचे लंडनला एक मंडळ होते. त्याच्या अध्यक्षा डोरोथी सेयर्स १९५७ साली वारल्यावर अगाथाबाईंना गळ घातली, तेव्हा त्यांची अट एकच: मी भाषण करणार नाही. (आपल्या अध्यक्षबाईंनी हे मनावर घेऊ नये.) 'माउसट्रॅप' हे त्यांचे नाटक लंडनला २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले ते २०२० च्या मार्चमध्ये महामारीने थिएटरे बंद होईपर्यंत अखंड चालले, आणि २०२१ साली पुन्हा उभे राहिले. त्याचे हक्क बाईंनी आपल्या लहानग्या नातवाला देऊन टाकले होते. १९५८ साली या नाटकाच्या विक्रमानिमित्त लंडनच्या मोठ्या हॉटेलात मेजवानी होती. दारावरच्या माणसाने बाईंना ओळखले नाही, आत सोडले नाही. आणि बाई 'मीच ती' असे न म्हणता निमूटपणे मागे फिरल्या! नंतर कोणी पाहिले म्हणून बरे.

शेवटी एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. आपले काही बरेवाईट झाले तर मागच्यांचे काय, म्हणून बाईंनी दोन कादंबऱ्या लिहून कुलूपबंद ठेवल्या. पॉयरोच्या मृत्यूची मुलीच्या नावे आणि मिस मार्पलची नवऱ्याच्या नावे. आपण दागिना बाजूला काढून ठेवतो तसे. पॉयरो असा मरून तीस-एक वर्षे तिजोरीत पडला होता आणि बाहेर बाई त्याच्या नव्या नव्या गोष्टी लिहीत होत्या. हात थकला तेव्हा, १९७५ साली, ते पुस्तक बाहेर काढले. अमेरिकेच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ६ ऑगस्टला पहिल्या पानावर पॉयरोच्या निधनाची बातमी छापली. कधी न जगलेल्या माणसाची! पुढच्या जानेवारीत, १२ तारखेला, अगाथाबाई वारल्या. मार्पलचे पुस्तक त्याच वर्षी मागाहून आले.

त्यांची चार मराठी पुस्तके आपल्या मंडळाच्या कपाटात आहेत. ज्यांना हवी त्यांनी ग्रंथपालताईंकडे नाव नोंदवावे. मागच्या खेपेस कोणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवले होते, तेवढे मात्र कृपा करून करू नये.